लेआबाईची गोधडी

माझ्या आईने, सिपोराबाई नेरेकरने, पनवेलच्या इस्रायल आळीतल्या आमच्या ज्यू बायकांची मयतं सव्वीस वर्षं धुतली. बोलावणं आलं की तव्यावरची भाकरी माझ्या हाती सोपवून निघायची. कुणाचं बाळंतपण असो, नवसाच्या मलिद्याचे पोहे भिजवायचे असोत, सिनेगॉगचे दिवे घासायचे असोत, पदर खोचून ही पुढे. बाबांना दमा, त्यांची पाठ शेकायचं तिने एक दिवस चुकवलं नाही. ती गेली त्याला वर्ष होतंय. आळी म्हणते, अशी बाई पुन्हा होणार नाही. खरं आहे. पण त्यापुढचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

मयत धुणाऱ्या बायकांचा आमच्यात एक नेम आहे. अंगावर जे दिसलं ते तिथेच सोडून यायचं. डाग, वण, जखम, काही असो. मेलेल्या बाईला स्वतःची अब्रू झाकता येत नाही, ती धुणारीने झाकायची. आईने हा नेम असा पाळला की बाबांनासुद्धा कधी एक शब्द कळला नाही.

एकावन्न सालच्या मार्चात मी माझी चार महिन्यांची लेक मिरी घेऊन पेणहून माहेरी आले होते. खाडीकडच्या गावांत देवीची साथ आल्याची कुजबुज होती. त्याच आठवड्यात आळीतल्या बिन्यामीनची म्हातारी आई, लेआबाई गेली. बिन्यामीनचं सगळं कुटुंब इस्रायलला निघालेलं, दहा दिवसांनी बोट. म्हातारी तापाने गेली म्हणाले. आई धुवायला गेली.

परतली ती घरात आलीच नाही. विहिरीवर अंघोळ केली, अंगावरचं चांगलं लुगडं परसात जाळलं आणि लाकडाच्या खोपटात घोंगडी टाकून बसली. मी मिरीला घेऊन जवळ गेले तर ओरडली, "तिथंच थांब."

"का? झालं काय?"

"काही नाही. आजच पोरीला टोचून आण. आणि उद्या सासरी जा."

"आई, मला येऊन चार दिवस नाही झाले."

"जा म्हणते ना."

मला राग आला. बाबांना म्हटलं, तुमची बायको लोकांची मढी उराशी धरते आणि स्वतःच्या नातीला हात लावत नाही. बाबा खोकत राहिले. मिरीला मी टोचून आणलं, पण सासरी गेले नाही. हट्टाने राहिले. आई खोपटातून बाहेर येईना. ताट मी दाराशी ठेवायचे, मी मागे फिरले की ती उचलायची. बोट ठरल्या दिवशी सुटली. आळीतले अर्धे लोक निरोप द्यायला मुंबईला गेले.

चौदाव्या दिवशी भामा आली. भामा सुकापूरची, वालाच्या शेंगा घेऊन आमच्या दारी वर्षानुवर्षं यायची. त्या दिवशी टोपली रिकामी होती.

"सिपोराबाय कुठं हाय? माज्या नातवाला देवी आल्यात. पोराच्या तोंडात पानी जात नाय. बाय येल काय? ती आली का मना धीर येतो."

मी म्हटलं, आईलाच दोन दिवस ताप आहे. भामा खोपटाकडे बघत उभी राहिली, मग गेली.

मी खोपटाच्या दाराशी गेले. आईच्या कपाळावर पुरळ दिसत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"लेआबाईला देवी होत्या. बोटीवर घेणार नाहीत म्हणून लपवल्या."

आईने कपाळावर पदर ओढला.

"तू पाहिलंस."

"पाहिलं."

"आणि भामाच्या घरी कशा गेल्या?"

मग म्हणाली, "बिन्यामीनच्या बायकोने म्हातारीच्या अंगावरची गोधडी मागच्या दारी भामाला दिली. नवीच होती. मी निघताना तिच्या काखेत बघितली."

"तू काय म्हणालीस तिला?"

"म्हटलं, उन्हात टाक चांगली."

"एवढंच?"

"एवढंच. धुतलेल्या बाईचं बोलायचं नसतं, दिना."

मी तोंडावर म्हटलं, नातीला टोचून आण म्हणायला तुझी जीभ उचलली, भामाच्या नातवापुरता नेम आड आला. तिने भिंतीकडे तोंड केलं.

भामाचा नातू दुसऱ्या दिवशी गेला. आई सहाव्या दिवशी. तिला धुवायला आळीतली एक बाई आली नाही. सगळ्या फाटकाबाहेर डोळे पुसत उभ्या. मिरीला बाबांकडे देऊन मीच धुतली. जिने सव्वीस वर्षं यांच्या आया, सासवा, लेकी धुतल्या, तिची ही गत.

आठवड्याने भामा पुन्हा आली. ओसरीच्या पायरीवर बसली. आधी आईबद्दल बोलली. देवमानूस व्हती, म्हणाली. सुनेच्या बाळंतपणाला भर पावसात सुकापूरला चालत आली व्हती, म्हणाली. मग पदराशी चाळा करत तिने खालच्या आवाजात विचारलं, "लोकं म्हनतात ती म्हातारी देवीनंच मेली. खरा सांग बाय, तुज्या आयशीला ठावं व्हता काय?"

माझ्या मांडीवर मिरी झोपली होती. तिच्या दंडावर टोचल्याची खपली नुकतीच पडली होती.

"नाही," मी म्हटलं. "तिला काहीच माहीत नव्हतं."

भामाने मान हलवली. "मना वाटलाच. ठावं असता तर तिनं सांगितला असता," म्हणाली, आणि माझ्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत बसली.