पाणी ओलं आहे, साहेब

मास्तरीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. पूर्वी ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कथा आणि संवाद लिहायची. ज्याच्या त्याच्या भाषेतल्या चुका काढायची खोड, म्हणून तिथल्या पोरांनी हे नाव चिकटवलं आणि कंपनी बुडाल्यावरही ते सुटलं नाही. आता ती वॉशिंग मशिनची माहितीपत्रकं लिहायची. 'यंत्र भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. ओल्या हाताने बटण दाबू नये.' त्यातही काना-मात्रा चुकू द्यायची नाही.

त्या कंपनीने 'नावाडी' नावाची मालिका काढली होती. दाढीवाला म्हातारा नावाडी, एक रुंद नदी आणि पैलतीर येईपर्यंत आपली गोष्ट सांगणारे उतारू. पहिला भाग बरा चालला, दुसरा दणक्यात चालला आणि तिसरा साफ आपटला. तिसरा भाग तिने वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिला होता. त्यात नदी आटलेली असते. तरी उतारू येतच राहतात, आणि म्हातारा नाव वाळूतून ओढत नेतो. शेवटचा उतारू त्याचा स्वतःचा बाप असतो. एवढं चांगलं आपल्या हातून पुन्हा व्हायचं नाही, हे तिला लिहितानाच कळलं होतं. लोकांना काही ते कळलं नाही. कंपनीला टाळं लागलं, नवी यंत्रं आली, त्यांच्यावर जुने खेळ चालेनात, आणि 'नावाडी'चं नाव काढणारं कुणी उरलं नाही.

म्हणून लेकीने एकदा जेवताना विषय काढला, तेव्हा तिला आधी खरंच वाटेना.

"आई, जुन्या गेम्सचा मेळावा भरतोय. त्यांना तू हवी आहेस. 'नावाडी'साठी."

"लोकांना आठवतो?"

"म्हणजे काय. वेडे आहेत लोक त्याच्यासाठी."

"कुठला भाग?"

लेकीने पेला तोंडाला लावला. "सगळेच असतील की," ती पाणी पिऊन म्हणाली.

मास्तरीण हुरळून गेली. कपड्यांना इस्त्री करता करता ती भाषणाची तयारी करू लागली. आटलेली नदी कुठून सुचली, बापाला नावाड्याने ओळख का दिली नाही, शेवटी नाव वाळूतच का सोडली. लेक येता-जाता ऐकायची आणि "छान आहे गं" म्हणून पुढे जायची.

मेळावा एका मोठ्या सभागृहात होता. टेबलांवर जाड काचेचे टीव्ही, वायरींचा गुंता, आणि प्रत्येक यंत्रापुढे रांग. दारातच तिला इंजिन भेटला. खेळांचं सगळं प्रोग्रॅमिंग याचं, म्हणून इंजिन. पोट सुटलं होतं आणि त्या पोटावर ताणलेल्या टी-शर्टवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'पाणी ओलं आहे, साहेब.'

"हे काय घातलंयस?"

"अगं, आपलंच वाक्य." तो तिच्याकडे बघत राहिला. "लेकीने तुला सांगितलं नाही?"

लेक तोवर पुढे जाऊन खुर्च्या धरत होती. मग इंजिननेच सांगितलं. दुसऱ्या भागात नदीवर कुठेही क्लिक केलं की नावाड्याने काहीतरी बोलायचं होतं. काय, ते ठरलं नव्हतं. म्हणून त्याने तात्पुरतं वाक्य घातलं होतं, आणि आवाज देणारा नट त्या दिवशी आला नाही म्हणून सर्दीने घसा बसलेल्या मास्तरणीकडून ते म्हणवून घेतलं होतं. काढून टाकायचं राहून गेलं. सगळा खेळ धीरगंभीर आवाजात बोलणारा दाढीवाला म्हातारा नदीपाशी मात्र चोंदलेल्या नाकाच्या बाईच्या आवाजात 'पाणी ओलं आहे, साहेब' म्हणायचा. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तेवढाच तुकडा फोनवर फिरवला होता आणि घराघरांत पोरं तो ऐकून लोळत होती.

"मला बोलावणं त्याच्यासाठी आहे?"

"मग कशासाठी असणार?" इंजिन म्हणाला. "मी तर दरवर्षी येतो. मजा असते."

स्टेजवर सूत्रसंचालक मुलीने तिच्या हातात माइक दिला. मास्तरीण म्हणाली, "तिसऱ्या भागाविषयी मला थोडं..."

"हो हो, त्याच्याकडे येऊच आपण. पण आधी सगळ्यांना एकच गोष्ट ऐकायची आहे. हो ना?"

सभागृहात टाळ्यांचा ठेका सुरू झाला. मास्तरणीने पहिल्या रांगेत पाहिलं. लेकीने फोन तिच्यावर धरला होता, आणि तिचे ओठ आईच्या आधीच ते वाक्य म्हणत होते.

मास्तरणीने वाक्य म्हटलं. छत उडेल असं लोक हसले. तिसऱ्या भागाकडे कुणी आलं नाही.

खाली उतरल्यावर तिने इंजिनला गाठलं. "तुला तरी आठवतो ना रे तिसरा?"

"आठवतो की. वाळू होती भरपूर." तो डोकं खाजवत राहिला. "शेवट काय होता गं त्याचा?"

ती लेकीला हाक मारून दाराकडे निघाली.

परतताना गाडीत लेकीनेच तोंड उघडलं. "सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले."

"मग? घरात बसून कुढण्यापेक्षा हे बरं. निदान तेवढं तरी लोकांच्या लक्षात आहे, आई."

"तू खेळलीस कधी तिसरा?"

लेकीने आरशात बघून गाडी वळवली. "मला ते इस्पितळाचे दिवस नको होते पुन्हा," ती म्हणाली. "तेव्हा तू घरी नसायचीस."

घर येईपर्यंत मास्तरीण खिडकीबाहेर बघत राहिली.

पुन्हा जाणार नाही म्हणून तिने कानाला खडा लावला होता. पण ऑफिसात साहेबांनीसुद्धा एकदा लाजत लाजत ते वाक्य म्हणायला सांगितलं, आणि तिने म्हटलं. मग दुसऱ्या मेळाव्याचं बोलावणं आलं तेव्हा ती गेली. पुढच्यालाही गेली. 'नावाडी' हा शब्द माणसांच्या तोंडून ऐकायला मिळेल अशी दुसरी जागाच नव्हती. नाक कसं चोंदायचं, 'साहेब' कुठे ओढायचं, यावर तिचा हात बसला. इस्त्री करताना ती आता गप्प असायची.

अशाच एका मेळाव्यात ती इंजिनशेजारी टेबलावर सह्या करत बसली होती. रांग लांब होती. एक मध्यमवयीन बाई पुढे आली. तिच्या हातात टी-शर्ट नव्हता, छातीशी धरलेलं एक जुनं, कोपरे झिजलेलं खोकं होतं.

"माझे वडील आजारी होते तेव्हा मी हा..." बाईने सुरुवात केली.

मास्तरणीची मान खाली होती, पेन चालूच होतं. ओळीतल्या प्रत्येकाला हवं ते तिने सवयीने देऊन टाकलं. "पाणी ओलं आहे, साहेब," ती नाकातून म्हणाली.

मागचे लोक हसले. बाई हसली नाही. तिने खोकं पिशवीत ठेवलं, "बरं," म्हणाली आणि बाजूला झाली. तेव्हा कुठे मास्तरणीने वर पाहिलं. पिशवीतून खोक्याचा वरचा कोपरा दिसत होता. त्यावर वाळू होती आणि वाळूत रुतलेली नाव.

ती उठली. "अहो, थांबा," ती म्हणाली. पण मधे रांग होती, आणि रांगेतल्या पोरांना वाटलं, मास्तरीणबाई गंमत करताहेत. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

"बस गं," इंजिन तिची बाही ओढत म्हणाला. "लोक खोळंबलेत."