अठरा मीटर पुढे

कृष्णकांत साहेबांनी हिमनदी पाहिली ती तंबूच्या खिडकीतून, तीही हातात चहाचा कप धरून. तरी नागपूरच्या संस्थेचे प्रमुख म्हणून अहवालावर पहिलं नाव त्यांचंच. असल्या माणसाला साहेब म्हणायची त्यांच्या हाताखालच्या संशोधक उत्तराला शिसारी येई.

बर्फावर एकोणीस दिवस रडारची घसरगाडी ओढली ती तिने आणि तिचा सहकारी धम्मानंदने. लहर तळाशी आपटून किती वेळात परत येते, त्यावरून बर्फाची जाडी काढायची. पाच वर्षांपूर्वी त्याच रेषेवर एकशे चाळीस मीटर भरली होती, यंदा एकशे एकवीस. त्या आकड्यांपायी धम्मानंदच्या पायाची दोन बोटं हिमदंशाने गेली. आणि साहेबांनी जाडीचा तक्ता अहवालातून उडवून लावला! हिमनदीचं तोंड अठरा मीटर पुढे आलं होतं ना, मग 'हिमनदी वाढली' असं पत्रक काढून मोकळे.

"सर, वरचा बर्फ घसरून खाली आलाय. एकूण बर्फ घटलाय. तक्ता नसेल तर मी सही करणार नाही."

"काहून डोकं खाऊन राहिली वं? पेपरवाल्यायले पुढं सरकलेलं समजते. जाडी कोण पाहते? जेवणं व्हायच्या आत सही पाहिजे."

पत्रकारांसाठी ठेवलेल्या जेवणाला लंबी रोटी होती. संस्थेच्या मागच्या अंगणात नंदनवन वस्तीतल्या कौशल्याबाई चुलीवर मडकं पालथं घालून बसल्या होत्या. सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलता झेलता त्यांनी कोपरापर्यंत लांबवला. पत्रकार मोबाइल काढून भोवती जमले. साहेबांना चेव आला.

"पाहा, आमची हिमनदी अशीच वाढून राहिली!"

कौशल्याबाईंनी मानही वर केली नाही. "वाढते कायची जी? गोळा तं तेवढाच हाय. लांबली तेवढी पातळ झाली."

सगळे हसले. मग हसता हसता एक पत्रकार थांबला आणि उत्तराकडे वळला. "मॅडम, बर्फाची जाडी मोजली होती का?"

साहेबांनी डोळे वटारले. मागे धम्मानंद भिंतीला टेकून उभा होता, बूट चढत नाही म्हणून चपलेत. उत्तराने पर्समधून घडी घातलेला तक्ता काढला.

"मोजली होती. एकोणीस मीटर कमी."

साहेबांनी तक्ता घ्यायला हात लांबवला.

"सही हवी होती ना, सर?" ती म्हणाली. "या तक्त्याखाली करते."

धम्मानंदने पेन पुढे केलं.