फायबरच्या गाडीतलं देवघर

शरणम्मा सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता उदगीरहून नांदेडला आली होती. उपास वगैरे काही नव्हता. मुखेडवरून येणाऱ्या त्या रस्त्यावर बाईमाणसाला लघवीला बसायला एक धड जागा नाही, म्हणून प्रवास ठरला की ती आदल्या संध्याकाळपासूनच तहान मारायची. मागे अशीच तहान मारून भाच्याच्या लग्नाला निघाली आणि मांडवाऐवजी लातूरच्या दवाखान्यात सलाईन लावून पडली. परत असं केलंत तर किडनी जाईल, असा डॉक्टरने दम भरला. तेव्हापासून तिने प्रवासच सोडला. स्वप्नाली, तिची लेक, बंगळुरात बाळंत झाली. नातीचं तोंड हिने फोनवर पाहिलं.

म्हणून तर ही गाडी. फोर बाय फोर पिकअपच्या पाठीवर बसवलेली फायबरची खोली. तिचा नवरा राजशेखर बसएवढ्या मोठ्या गाडीवर भाळला होता. शरणम्माने हट्टाने छोटी निवडली, चिखलात आणि गल्लीबोळात कुठेही शिरणारी. त्यासाठी रुंद पलंग सोडला, टीव्ही सोडला. कोपऱ्यातला संडास मात्र सोडला नाही. फायबर गंजत नाही, पण नको तिथे भोक पाडलं की पाणी झिरपतं. सांधे दर पावसाळ्याआधी भरून घ्यायचे. मैल्याची टाकी आपल्या हाताने रिकामी करायची. हे सगळं तिने वर्कशॉपच्या मालकाला, आनंदराजला, खोदून खोदून विचारून घेतलं होतं. "टाकी मी धुईन," असंही नवऱ्याला बजावलं होतं. म्हणजे पुढे नाक मुरडायला जागा नको.

आज गाडी ताब्यात मिळणार होती. नारळ फोडायला थोरले दीर गुरुपादप्पा मुद्दाम आले होते. शरणम्मा पायरी चढून आत गेली आणि कोपऱ्यातलं दार उघडलं.

आत देवघर होतं. रंगीत दिव्यांची माळ, महादेवाची मोठी तसबीर, खाली निरांजन ठेवायला चकचकीत फळी. जमिनीतलं भोक फायबरने लिंपून असं गुळगुळीत केलेलं, की इथे कधी काही बसणार होतं याचा मागमूस नाही.

"संडास कुठं हाय?"

बाहेर उभा असलेला आनंदराज राजशेखरकडे बघू लागला. "काकू, सायबांचा फोन आलता. मला वाटलं, तुम्हाला ठाव हाय."

"आगं, दादा म्हणले," राजशेखर चाचरला, "स्वैपाकाला लागून संडास बरा दिसत न्हाई. त्याच खोलीत आपली पूजा. म्हणून…"

"म्हणून मला न इचारता काढून टाकला?"

"रस्त्यात कुठंबी थांबता येतंय की."

"तुम्हाला येतंय!"

शरणम्माच्या डोक्यात तिडीक गेली. सारा जन्म या माणसाने गाडी थांबवली, झाडाकडे तोंड केलं आणि शीळ घालत परत आला. ही मात्र काच वर करून, पाय आवळून बसलेली. लग्न झाल्यापासून ती थोरल्या दिरासमोर मान वर करून बोलली नव्हती. आज डोक्यावरचा पदर खांद्यावर आला आणि तिने तो सावरला नाही.

"भाऊजी, तुमच्या गळ्यात इष्टलिंग हाय, म्हंजी महादेवच. घरी संडासला जाताना ते खुंटीला अडकवून जाता का?"

गुरुपादप्पांचा हात आपसूक गळ्याशी गेला. "शरणम्मा, जबान सांभाळा. चारचौघांत…"

"चारचौघांतच इचारते. त्यो देव तुमच्यासंगं सगळीकडं येतो, त्याला काही वाटत न्हाई. मग माझ्याच संडासाचा इटाळ त्याला कसा होतो?"

गुरुपादप्पा घड्याळात बघू लागले. तेवढ्याने तर तिचं उरलंसुरलं भान गेलं. तिने तसबीर खिळ्यावरून उतरवली, खाली आली आणि दिरांच्या दोन्ही हातांत दिली. "धरा. आनंदराज, हे समदं आजच निघाया पायजे. माझा संडास बसल्याबगर गाडी हलणार न्हाई, अन् मीबी."

"बसवतो, काकू. मागंच ठिवलाय."

"आन् आता मला सांगा, मला लघवीला जायचंय. कुठं जाऊ?"

राजशेखर पुटपुटला, "समोर पेट्रोल पंप…"

"कुलूप हाय तिथं. येताना उतरून बघितलं मी. तुम्ही तवा पानाच्या टपरीवर हुता."

वर्कशॉपात बाईसाठी सोय नव्हती. मागच्या भिंतीपाशी मोरी होती आणि एक बादली. शरणम्माने बादली उचलली.

"सगळे भाईर व्हा. रस्त्यावर. अन् शटर वढा."

शटर खडखडत खाली आलं. आत अंधार झाला, फायबरचा उग्र वास कोंडला. सकाळपासून आवळून धरलेलं सैल सोडताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखत होतं म्हणून आलं, आणि संतापाने आलं. एवढ्या एका सोयीपायी तिने अजून नात हातात घेतली नव्हती.

बाहेर एक मोटारसायकल थांबली. "काय शेठ, भर दुपारी शटर बंद? अन् हे मालक महादेव धरून उन्हात का हुबे?"

गुरुपादप्पा खोकले. मग राजशेखरचा आवाज आला, "माझी बायको… लघवीला बसलीय आत."

"अन् अजून येळ लागंल!" शरणम्मा आतून ओरडली.