तपकिरी कपातला चहा

मोनालीचं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. आणखी खाली गेलं तर यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागेल, असं पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. नखं कापायची म्हटली तरी घर डोक्यावर घेणारी ही सहा वर्षांची पोर. तिला हातात सुई टोचून तासन्‌तास निजवणार कोण? तिची आई सत्यशीला तो विचारही मनात येऊ द्यायची नाही.

बरं, बाईसाहेब खायच्या काय, तर टोस, कोरडे मुरमुरे आणि चहा. पालक दिसला की उलटी. वरणाचा थेंब बोटाला लागला तरी रडारड. त्यात बाजारात कापूसच येईना म्हणून सरकी काढायची जिनिंग बंद, आणि तिथं कामाला असलेला नवरा रोशन दिवसभर घरी सल्ले देत बसलेला.

"गूळ दे तिले. खजूर दे."

जसं काही सत्यशीलाला हे सुचलंच नव्हतं! "तुमीच चारून पाहा ना," ती करवादली. त्यानं चारून पाहिलं. शर्ट धुवायला तिलाच टाकावा लागला.

शेवटी तिनं शक्कल लढवली. लोहाचं औषध रोज गुपचूप चहात ओतायचं आणि वर साखर जास्त. चहा शाईसारखा काळा पडायचा, म्हणून मुद्दाम तपकिरी कप आणला. पोरगी प्यायची. सत्यशीला स्वतःवर बेहद्द खूश होती.

दोन महिन्यांनी तपासलं, तर आकडा जागचा हललेला नाही.

"औषध देता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज देते ना साहेब! चहात टाकून."

"चहात?" त्यांनी कपाळाला हात लावला. "काळा पडत असेल तो. अहो, लोह चहातच अडकून बसलं, अंगी लागणार कसं? त्यापेक्षा कोरडे फुटाणे तरी द्या."

सत्यशीलाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तेवढ्यात तिचं लक्ष बाजूच्या स्टुलाकडे गेलं. मोनाली तिच्याकडे टक लावून बघत होती. पोरीनं सगळं ऐकलं होतं.

घरी आल्यावर चहा बंद झाला, ते एक बरंच झालं. पण आईच्या हातचे टोसही बंद. मुरमुरे हुंगायची आणि ताटली सरकवायची. चिडावं तरी कोणावर?

रोशन स्टँडवरून फुटाण्यांची पुडी घेऊन आला आणि कुडुमकुडुम खात बसला. त्या आवाजानं मोनाली जवळ सरकली. सत्यशीलानं श्वास रोखून मूठभर फुटाणे पुढं केले.

"याच्यात औषध हाय?"

"नाही माय."

मोनालीनं फुटाणा बोटांनी फोडला, दोन्ही डाळी वेगळ्या करून आत बघितलं, मग तोंडात टाकला. दुसराही तसाच. तिसराही. सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण लवकर खा म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

पुडी संपल्यावर तिनं औषधाची बाटली उघडपणे समोर आणली आणि पोरीच्या डोळ्यांदेखत चमचा भरला. "याच्यात हाय. लय खराब लागते."

मोनालीनं जीभ लावली, तोंड वाकडं केलं.

"हे टाकत होती चहात?"

"हो."

"मंग सांगाचं ना मले," ती म्हणाली आणि नाक दाबून चमचा रिकामा केला.