शोभनाचं वजन

पुरुषाला फुगलेले दंड दिसले की त्याची अक्कल गहाण पडते, असं शोभनाचं ठाम मत होतं. रियाधमध्ये आखाती युद्धाच्या त्या जानेवारीत तर नवऱ्याने, गिरीशने, ते अगदी पक्कं करून टाकलं.

संधिवाताने तिचे गुडघे असे धरले होते की पलंगावरून उतरायला कोणीतरी लागायचं आणि न्हाणीपर्यंत जायला भिंत. आणि घर तिसऱ्या मजल्यावर! सायरन झाला की रखवालदार लिफ्ट बंद करायचा आणि सगळी इमारत तळघराकडे धावायची. पहिल्या वेळी शेजारच्या दोन मुलांनी तिला खुर्चीसकट खाली नेलं. मग शेजारी जेद्दाला पळाले. मायदेशी जावं तर पासपोर्ट नवऱ्याच्या बँकेने ठेवून घेतलेले, आणि रजेचं नाव काढायची सोय नाही. पुढच्या सायरनला गिरीशने तिला उचललं आणि पहिल्याच पायरीवर मटकन खाली बसला. जन्मभर बँकेत खुर्ची उबवलेला माणूस, त्याच्यात कुठलं आलंय बळ!

"तुम्ही एकटे तरी जा हो," ती म्हणाली.

"गप्प बस. मी ट्रेनर लावतो. तुला उचलून नेईन."

एका हॉटेलच्या जिममध्ये रत्नागिरीकडचा हनीफ होता. गिरीश आधी त्याच्याकडे गेला. सगळं ऐकून हनीफ म्हणाला, "साहेब, मला जिना बघू द्या. वहिनींशीही बोलतो, कुठं धरलं की दुखतं ते त्याच सांगणार. ताकद यायला महिने लागतील. तोवर चादरीत घालून सावकाश कसं उतरवायचं, ते दोघांना शिकवतो."

झालं! गिरीशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परका पुरुष घरात येऊन आपल्या बायकोला कुठं दुखतं ते विचारणार? तेही या देशात? शेजारच्या पोरांनी उचललं तेव्हा ही अब्रू कुठे गेली होती, हे शोभनाने विचारलं.

मग सापडला सुमीत. पुण्याचा, आपल्यातला. त्याच्या जिमच्या भिंतींवर सगळीकडे त्याचेच फोटो. त्याने काहीएक विचारलं नाही. गिरीशच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, पंधरा दिवसांत काकूंना फुलासारखं उचलाल! आपल्या माणसासाठी एवढंही करायचं नाही का?"

"अहो, उचलायचंय मला," शोभना म्हणाली. "लोखंडाला नाही. वजन माझं आहे, मला कोणीतरी विचारा!"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

रोज घरी आल्यावर तो आरशापुढे उभा राहून दंड फुगवायचा. पन्नाशीला टेकलेला माणूस! तिला हसू यायचं, पण ती ते दाबायची, कारण हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं. तिने मनाशी ठरवलं होतं, अगदीच वेळ आली तर शपथ घालीन, पण ह्यांना खाली पाठवीन. ह्यांचे पाय धड आहेत. एकजण तरी वाचेल. त्या विचारावर तिला झोप लागायची.

मग एका दुपारी सुमीत आणि आणखी एकजण गिरीशला दोन्ही बाजूंनी धरून घरी घेऊन आले. "अजून एकदा, काका, अजून एकदा," म्हणत सुमीतने वजन वाढवलं होतं, आणि कमरेत काहीतरी सटकलं होतं. त्यांनी पलंगाशेजारी जमिनीवर चटई घालून गिरीशला त्या चटईवर निजवलं.

"काही नाही काकू, पडून राहू दे त्यांना," असं सांगून सुमीत जो गेला तो गेलाच.

संध्याकाळी सायरन वाजला. गिरीश कोपरांवर उठायला गेला आणि किंचाळून आडवा झाला.

"थांब, शोभना, उठतो मी. तुला नेतो."

"नका हो उठू! मला नाही जायचं कुठे. तुम्ही सरपटत तरी जा ना दारापर्यंत. माझी शपथ आहे."

"पाय हलत नाहीये गं."

तिला खूप ओरडायचं होतं. हनीफचं नाव घेऊन, सुमीतचं नाव घेऊन, ह्या हट्टी माणसाचा उद्धार करायचा होता. पण आता दोघांपैकी कोणीच वाचणार नव्हतं. लांब कुठेतरी धडाम झालं, खिडक्या खडखडल्या, दिवे गेले.

"शोभना, हात दे," तो खालून म्हणाला.

ती कडेला सरकली, खांदा मोडेपर्यंत हात खाली ताणला. त्याला हात तेवढा वर करता येईना. तिला पलंगावरून उतरता येईना. तो अंधारात पुन्हा म्हणाला, "दे ना गं," आणि ती म्हणाली, "देतेय हो, देतेय."