न पोचलेल्या विजेचं उत्पन्न

वीज कंपनीच्या हिशेब खात्यात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर अर्थातच 'मॅडम'. चालायची ताठ, बोलायची मोजकं, आणि दुसऱ्याच्या आकड्यात वीतभर वाकडेपणा दिसला की समोरचा कितीही मोठा असो, त्याला सरळ करूनच सोडायची. अशा माणसांचा कार्यालयात आदर होतो, पण वाढदिवसाचा केक त्यांच्या टेबलावर सगळ्यात शेवटी पोचतो.

तिचं नेमकं काम काय, हे नवऱ्यालाही कधी सांगता आलं नाही. तो दातांचा डॉक्टर. कुणी विचारलं की, "ही वीज कंपनीत बिलं पाठवते," म्हणून मोकळा व्हायचा. बिलं पाठवणारे वेगळे होते. मोजपट्टी हिशेब करायची तो बिल निघण्याआधीच जळून गेलेल्या विजेचा. मीटर वाचणारा माणूस महिन्यातून एकदा दारात येतो, दिवे मात्र रोज लागतात. त्यामुळे वर्ष संपतं त्या दिवशी शहरभरच्या मीटरांमध्ये बिल न झालेली बरीच वीज पडून असते. तिचा अंदाज बांधायचा आणि तेवढं त्या वर्षाच्या उत्पन्नात धरायचं. अंदाज म्हटला की लोकांना तो हवेत मारलेला बाण वाटतो. मोजपट्टी मात्र थंडी किती पडली, कोणता कारखाना किती दिवस बंद होता, सुट्ट्या किती आल्या, हे सगळं पाहून तो बांधायची, आणि मागाहून बिलं निघाली की ती तिच्या अंदाजाच्या अगदी आसपास यायची.

या कामाचा नियम एकच आणि सोपा होता. ग्राहकाला जे कबूल केलं ते त्याच्या पदरात पडलं, की मग ते आपलं उत्पन्न. तोवर त्याचे पैसे खिशात आले असले तरी ती कमाई नव्हे, ते डोक्यावरचं देणं. मोठ्या साहेबांना हे वाक्य तोंडपाठ होतं. ते भाषणात वापरायचे.

हे मोठे साहेब म्हणजे सगळ्या हिशेब खात्याचे प्रमुख. माणूस गोड. इतका गोड, की त्यांच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याला आपण काय कबूल करून आलो हे जिना उतरल्यावर कळायचं. त्या वर्षी साहेबांची पंचाईत झाली होती. थंडी पडली नाही, म्हणून हीटर लागले नाहीत. एका मोठ्या कारखान्याला टाळं लागलं. नफा आटला, आणि साहेबांचा बोनस तर नफ्याच्याच शेपटाला बांधलेला. वर्ष संपायला आलं तेव्हा त्यांनी मोजपट्टीला बोलावलं.

"बसा, मॅडम. ती शहराबाहेरची नवी वसाहत आहे ना, तिथल्या लोकांनी जोडणीचे पैसे भरलेत. ते यंदाच्या उत्पन्नात घेऊन टाका."

"साहेब, तिथे जोडणी झालेली नाही."

"खांब उभे आहेत ना?"

"खांब आहेत. तारा नाहीत."

"म्हणजे बरंचसं झालंच की!"

"खांबातून वीज येत नाही, साहेब."

साहेब गालातल्या गालात हसले. "तुम्ही फार शब्दशः घेता हो सगळं. आणि जोडणी झाली म्हटल्यावर लोक वीज वापरणारच. तिचाही अंदाज धरा. नवी घरं, हौशी माणसं. चांगला सढळ हाताने धरा."

म्हैस अजून पाण्यात, आणि काठावर साहेब तिच्या दुधाचा भाव ठरवून मोकळे झाले होते. मोजपट्टी म्हणाली, "हे मला जमणार नाही." साहेब म्हणाले, "विचार करा." संध्याकाळपर्यंत तिच्या हाताखालच्या उपप्रमुखाने विचार केलासुद्धा. तो चटपटीत होता, आणि तिच्या खुर्चीकडे येता-जाता असा बघायचा, जसं कुणी दुकानातल्या कोटाकडे बघावं. त्याने वसाहतीतल्या घराघराला युनिटं वाटून टाकली.

आता घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसंच इथे झालं, फक्त घोडं घरच्यांनीच धाडलं. कार्यालयाचा ताप कमी पडला म्हणून की काय, त्याच वसाहतीत तिच्या धाकट्या दिराने घर घेतलं होतं. भाड्याच्या घराची मुदत संपली, म्हणून तो आणि जाऊ विजेची वाट न पाहता राहायलाही गेले. मोबाइल मोटारीत चार्ज करायचे, मेणबत्त्या लावून जेवायचे, आणि दर रविवारी मळक्या कपड्यांची गाठोडी घेऊन मोजपट्टीच्या दारात हजर व्हायचे. मग दिवसभर धुण्याचं यंत्र घरघरत राही, गिझर तापत राही, आणि जावेची इस्त्री जेवणाच्या टेबलावर फिरत राही.

"वहिनी," त्या रविवारी दीर डोकं पुसत न्हाणीघरातून बाहेर आला, "तुमच्या कंपनीने माझे पैसे तर मोजून घेतले. वीज केव्हा?"

मोजपट्टीला राहवलं नाही. "भाऊजी, कागदावर तुमच्याकडे दिवे लागलेत. महिनाभर झाला."

"कागदावर?"

"हो. वापरही बरा आहे तुमचा."

"वा! मग हा टॉवेल धरा, मी जाऊन कागदावर आंघोळ करतो."

नवरा खो-खो हसला. मोजपट्टी हसली नाही. आपल्याच घरातल्या माणसाला आपलीच कंपनी अंधारात बसवून त्याच्या नावावर उजेड विकते आहे, ही गोष्ट तिला माशाच्या काट्यासारखी टोचत राहिली.

पुढच्या आठवड्यात हिशेब तपासायला ऑडिटर आला. लांब मफलर, लाल नाक, हातात रुमाल. सर्दीने बेजार झालेला. तरी वसाहतीचा आकडा पाहून त्याची भुवई वर गेली. "एकदम एवढं उत्पन्न? मला जागा पाहायची आहे."

"अवश्य!" साहेब म्हणाले. "उद्या नको, परवा जाऊ. उद्या तिकडे रस्त्याचं काम आहे."

रस्त्याचं काम कसलं? त्या मधल्या दिवसात वसाहतीच्या कुंपणाच्या भिंतीमागे भाड्याचा डिझेल जनरेटर आणून बसवला, आणि खांबांवरून एक तात्पुरती केबल पहिल्या गल्लीतल्या घरांपर्यंत ओढली. रहिवाशांना एवढंच सांगितलं, की उद्या दुपारपासून वीज सुरू. देखाव्यापुरती, हे कुणी सांगितलं नाही. साहेबांचं चुकलं ते इथेच.

मोजपट्टीलाही सोबत नेलं, कारण ती गप्प उभी राहिली तरी तिच्या नुसत्या असण्याने आकडे खरे वाटायचे. मोटारीत ती खिडकीबाहेर पाहत होती. बोलावं तर नोकरी, न बोलावं तर स्वतःचंच तोंड आरशात पाहवणार नाही. वसाहतीच्या फाटकाशी येईपर्यंत तिचं ठरलं नव्हतं.

पहिल्या गल्लीतलं पहिलं घर दिराचं. दार उघडलं तर जाऊ नव्या साडीत, आणि घरात अक्षरशः लग्नघर उजळावं तसा झगमगाट. दुपारचे चार वाजले होते, तरी प्रत्येक खोलीत दिवे. पंखा गरगरत होता, फ्रिज गुणगुणत होता, ओव्हनमध्ये काहीतरी फुगत होतं.

"वहिनी! आली हो वीज!" दिराने साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "तुमच्या कंपनीला काय काय बोललो होतो मी, सगळे शब्द मागे!"

ऑडिटर पंख्याखाली बसला. वाऱ्याने त्याला शिंक आली. "उत्तम," तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग कान टवकारले. "हा घुरघुर आवाज कसला?"

"उपकेंद्राचा," साहेब म्हणाले.

"आणि हा धूर?"

"शेजारी कुणीतरी पालापाचोळा जाळतंय."

बाहेर गल्लीत एव्हाना जत्रा भरली होती. कित्येक महिने वाट पाहिलेली माणसं ती. कुणी गिझर लावला, कुणी धुण्याचं यंत्र, कुणी पंपाने टाकी भरायला घेतली. मागच्या गल्लीतल्या ज्यांच्या घरात केबल पोचली नव्हती ते इस्त्र्या आणि मिक्सर काखोटीला मारून पुढच्या गल्लीत ओळखी काढत आले. एक आजोबा तर आपला जुना रेकॉर्ड प्लेअर घेऊन दिराच्या ओसरीवर बसले. जावेने आतून हाक मारली, "ताई, तुमचीही एखादी साडी असेल तर द्या, इस्त्री तापलीय!"

भिंतीपलीकडे काहीतरी खोकल्यासारखं झालं. मग घशात घास अडकावा तसं. मग धाडकन आवाज, आणि काळ्या धुराचा लोट भिंतीवरून वर आला. पंखा गरगरत गरगरत थांबला. दिवे गेले. फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला.

त्या शांततेत मोजपट्टी बोलली. "जनरेटर बंद पडला."

साहेब खोकले. दिराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग धुराकडे, मग साहेबांच्या हाताकडे. तो हात आपण कशासाठी धरला होता, हे त्याला आता समजत होतं.

"जनरेटर?" ऑडिटरने विचारलं.

"डिझेलचा. वास येतोय, पाहा."

ऑडिटरने नाक शिंकरलं, रुमालाची नीट घडी घातली. "मॅडम, मला सर्दी आहे. तीन दिवस झाले, कसलाच वास येत नाही. आणि असं पाहा, वीज गेली, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलं. नसलेली वीज जाईल कशी? गेली म्हणजे होती. पुरवठ्याचा यापेक्षा चांगला पुरावा मी आजवर पाहिला नाही."

साहेबांनी त्याच्यासाठी मोटारीचं दार स्वतः उघडलं.

मोजपट्टीने सही केली नाही. तिच्या जागी उपप्रमुखाने केली, तीही झोकदार. नफा फुगला, बोनस झाला, आणि मोजपट्टीची बदली भांडारात झाली. तिथे गावाबाहेरच्या पत्र्याच्या गोदामात तारांची भेंडोळी, खांब आणि चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर मोजायचे. "हवापालट होईल," साहेब तिला म्हणाले. झालाही. पहिल्याच दिवशी तिला कळलं, की नव्या वसाहतीसाठी मागवलेल्या तारा वर्षभर तिथेच पडून आहेत. मग ओढल्या का नाहीत? तर ओढायला ठेकेदार लागतो, ठेकेदाराला पैसे लागतात, आणि खर्च दाखवला की नफा घटतो. म्हणजे काम केलं असतं तर नफा कमी झाला असता. केलं नाही, आणि केल्याचं दाखवलं, म्हणून तो वाढला. तिने ती भेंडोळी एकेक करून मोजली आणि आकडा वहीत लिहिला.

कंपनीचं संगणक यंत्र मात्र भोळं होतं. वसाहतीत जोडणी झाली असं त्याला सांगितलेलं, म्हणून महिना भरताच त्याने घरोघरी बिलं धाडली. दीर बिल फडकावत थेट गोदामातच आला. "वहिनी, ही माझी कागदावरची आंघोळ! आणि उशीर झाला तर दंड आहे म्हणे!"

"एकट्याने ओरडू नका, भाऊजी," मोजपट्टी म्हणाली. "सगळ्यांना घेऊन मुख्य कार्यालयात जा."

अख्खी वसाहत गेली. योगायोग असा, की त्याच सकाळी साहेबांच्या खोलीत सरकारी वीज-शुल्क अधिकारी येऊन बसला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. नव्या वसाहतीत एवढी वीज विकली असं तुम्हीच म्हणता; मग तिच्यावरचं शुल्क भरा. साहेबांची स्थिती इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. वीज दिली म्हणावं, तर शुल्क भरा आणि दारातल्या जमावाला तोंड द्या. दिली नाही म्हणावं, तर नफा खोटा, बोनस खोटा, सही खोटी.

दुपारी त्यांची मोटार गोदामाशी थांबली. भेंडोळ्यांमधून अंग चोरत, पँट सांभाळत ते आत आले. एवढे गोड ते कधीच नव्हते.

"मॅडम, तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, वीज नाही म्हणून. तेवढं मला लिहून द्या. म्हणजे ती चूक त्या उपप्रमुखाची ठरेल."

"देते की," मोजपट्टी म्हणाली. "जनरेटरचंही लिहू का? कुणी मागवला ते?"

साहेबांचा चेहरा उतरला. "मग मी करू तरी काय?"

"काय करायचं? कबूल केलंय ते द्या. तारा इथेच आहेत. ट्रक मागवा, सही करा, न्या." तिने मागणीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आणि हो साहेब, मोजून घ्या. मागून कमी-जास्त चालणार नाही."

पंधरा दिवसांत, ठेकेदाराला दुप्पट दर देऊन, वसाहतीत खरी वीज आली. लोकांची बिलं रद्द झाली. त्याला कंपनीने 'सद्भावना सवलत' असं नाव दिलं आणि वर्तमानपत्रात त्याची जाहिरातही केली. शुल्क निमूट भरलं. ते वसूल करायला पुढच्या वर्षी सगळ्या शहराचे दर थोडे वाढले, पण तेवढं कुणाच्या लक्षात येतं! साहेब बोनस खिशात घालून एका पाणी कंपनीत गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी तो नियम पुन्हा एकदा सुरेख म्हणून दाखवला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

उपप्रमुख आता मोजपट्टीच्या खुर्चीत बसतो. तिला परत बोलावलं होतं, पण ती गेली नाही. नवरा म्हणाला, "वेडी आहेस का?" ती म्हणाली, "इथे वस्तू हाताला लागते रे." वर्ष संपत आलं की उपप्रमुख गोदामात येतो, एखाद्या भेंडोळ्यावर अवघडून बसतो आणि विचारतो, "मॅडम, यंदा बिल न झालेली वीज अंदाजे किती धरावी?" ती थंडी विचारते, कारखाने विचारते, सुट्ट्या विचारते, आणि आकडा सांगते. तो मान डोलावतो, आभार मानतो, कार्यालयात परततो, आणि नव्या साहेबांना विचारून दुसराच लिहितो.