पायरी मोडली नव्हती

मित्रांनो, मी शिडी. लाकडाची, उंच, आणि आता बरंच वय झालेली. मला बघाल तर हसाल. अंगभर रंगाचे डाग आहेत, कुठे निळे, कुठे पांढरे, आणि एका बाजूने वरपासून खालपर्यंत हिरवा ओघळ आलेला. तो कुणाच्या दाराचा रंग आहे हे मी अजूनही सांगू शकते. म्हातारी झाले असले तरी मी सडलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत माझ्याबद्दल वेगळंच बोललं जातं आणि ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

मला घडवणारा सुतार तोंडाचा फटकळ, पण हाताचा सच्चा होता. एका तरुण रंगाऱ्याने त्याला सांगितलं, "उंच कर, पण एकट्याला उचलता आली पाहिजे." सुतार म्हणाला, "म्हणजे तुला उंट हवाय, पण शेळीच्या वजनाचा." एवढं बोलूनही त्याने मला तशीच केली. प्रत्येक पायरी खाच पाडून बसवली, खुंटी ठोकून पक्की केली आणि एकेका पायरीवर स्वतः उभा राहून बघितलं. रंगाऱ्याची नवी बायको दारात उभी राहून हे बघत होती आणि हसू दाबत होती. तीच पुढे साऱ्या गल्लीची आजी झाली.

रंगारी फार जगला नाही. छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्यामागे ती, एक लहान मुलगा, एक अविवाहित बहीण, रंगाचे अर्धवट डबे आणि मी, एवढं उरलं. नातेवाईक म्हणाले, शिडी विकून टाक, तुला काय उपयोग. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एके सकाळी नवऱ्याचा ब्रश घेऊन माझ्यावर चढली. तिचे पाय इतके लटपटत होते की मीही लटपटले. खाली मला घट्ट धरून नणंद उभी होती. नणंदेला कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघी बोलायच्या त्या ओरडूनच, आणि घरात आज काय शिजलंय, कोण कुणावर रुसलंय, हे सगळ्या गल्लीला आपोआप कळायचं. खिडक्या, दारं, दुकानांच्या भिंती रंगवत दोघींनी मुलाला वाढवलं आणि शिकवलं. वर ही, खाली ती, मध्ये मी. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

नणंद गेली आणि तिने रंगकाम सोडलं. वयही झालं होतं. मला तिने आपल्या खोलीच्या खिडकीशेजारी, बाहेरच्या भिंतीवर दोन आकड्यांना आडवं टांगलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ज्याला लागेल त्याने खुशाल न्या. पण मागायला दोघांनी यायचं. एक चढणारा, एक धरणारा. एकट्याला शिडी मिळणार नाही."

लोकांना वाटलं, म्हातारीचं खूळ आहे. पण आजी पक्की होती. समोरचा बेकरीवाला आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेला शिंपी एकमेकांना पाण्यात बघत. दोघांच्या मधली पन्हळ तुंबली आणि पाणी दोघांच्याही दुकानात गळायला लागलं. बेकरीवाला आला, एकटाच.

"जोडीदार कुठाय?" आजीने विचारलं.

"बायको गावाला गेलीय, आजी. पाच मिनिटांचं काम आहे."

"मग शेजारी आहे की."

"त्याला बोलावू? त्यापेक्षा गळू दे पाणी."

"बरं. गळू दे," असं म्हणून आजी आत निघून गेली.

पिठाची दोन पोती भिजल्यावर बेकरीवाला शिंप्याला घेऊन आला. दोघांची तोंडं दोन दिशांना. शिंप्याने मला धरलं आणि म्हणाला, "वरून पडलास तर माझ्या कापडावर पडू नकोस." बेकरीवाल्याने वरून सडलेल्या पानांचा गोळा नेमका त्याच्या डोक्यावर टाकला. मग जे भांडण जुंपलं ते पन्हळ साफ होईपर्यंत चाललं, पण शिंप्याने माझे पाय काही सोडले नाहीत. भांडता भांडता का होईना, दोघं बोलायला लागले. नंतर तर चहाही एकत्र प्यायचे. आजीने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. मला मात्र त्या दिवशी तिने ओल्या फडक्याने पुसून काढलं.

तिचं सगळं असंच असायचं. कुणाच्या घरी बाळ आलं की ही तिथे, कुणाचं माणूस गेलं की ही तिथे. एकदा निवृत्त पोस्टमन दार उघडेना. लोक दारावर थापा मारत बसले. आजीने मला काढायला लावलं आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच चढून खिडकीतून आत गेली. पोस्टमन जमिनीवर पडलेला होता. वेळेवर दवाखान्यात नेला म्हणून वाचला. त्या दिवशी मला धरायला इतके हात होते की आजीला पाय ठेवायला जागा सापडेना. मला वाटलं होतं, हे हात कायमचे आहेत. लाकडाचं डोकं माझं, दुसरं काय.

पुढे दिवस बदलले. आजीचा मुलगा आता मोठ्या कचेरीत होता. त्याने एक अॅल्युमिनियमची घडीची शिडी आणली. चार पायांची, स्वतःच उभी राहणारी, कुणी धरायची गरज नसलेली. मग शिंप्याने आणली, मग बेकरीवाल्याने. नाक मुरडण्याइतकी मी लहान मनाची नाही, पण खरं सांगते, मला राग आला. आता ज्याचं त्याचं काम ज्याने त्याने एकट्याने करायचं. आजीच्या दारात दोघं मिळून येणं बंद झालं. एकटे मात्र अजून यायचे, आपली गाऱ्हाणी घेऊन.

असंच कोपऱ्यावरच्या दिव्याचं झालं. गल्लीच्या तोंडाशी उतरत्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्यावर भिंतीला एक दिवा आहे. तो कुणाचाच नव्हता, म्हणून आजीचा होता. बल्ब गेला की आजी कुणाला तरी चढवायची, कुणाला तरी धरायला लावायची. त्या वेळी दिवा गेला आणि लोक अंधारात ठेचकाळायला लागले. जो तो आजीच्या खिडकीशी येऊन सांगायचा, "आजी, दिवा गेलाय हो." जणू तिनेच फुंकर मारून विझवला होता.

आजीने नवा बल्ब आणून ठेवला आणि माणसं शोधायला निघाली. नव्या शिड्या तिथवर पोचत नव्हत्या. मीच पोचत होते, आणि मला धरायला माणूस लागत होता. बेकरीवाला म्हणाला, "आजी, भट्टी पेटलीय बघा. उद्या नक्की." शिंपी म्हणाला, "गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय, परवा बघू." मुलगा म्हणाला, "आई, तुला कुणी सांगितलंय हे? रविवारी करतो मी." सून म्हणाली, "ते म्हणतायत ना रविवारी." उद्या आला, परवा आला, रविवारही आला. रविवारी मुलगा जेवून झोपला. आजी त्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि त्याला न उठवताच परत फिरली.

सोमवारी दुपारी तिने मला आकड्यांवरून काढलं. एकटीने. मी फरशीवर खरडत गेले त्याचा आवाज आख्ख्या गल्लीने ऐकला असेल. शिंप्याने मशीनवरून मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. बेकरीवाल्याने नुकताच दुकानापुढचा भाग धुतला होता आणि पाणी कोपऱ्यापर्यंत वाहत आलं होतं. आजीने मला भिंतीला टेकवलं, खाली एकदा बघितलं, आणि चढली.

तिचे पाय आता तरुणपणीसारखे लटपटत नव्हते. सावकाश, पण नीट चढली. जुना बल्ब काढला, नवा बसवला. बटण कुणीतरी चालूच ठेवलं होतं, त्यामुळे दिवा तिच्या हातातच लागला, भर दुपारी, लख्ख उन्हात. ती हसली. उतरायला लागली आणि तिचं वजन एका बाजूला गेलं. माझे पाय ओल्या फरशीवर सरकले.

मी सरकले, हे मी नाकारत नाही. कुणी न धरलेली शिडी ओल्या फरशीवर सरकतेच. पण पायरी मोडली नाही. एकही नाही. माझ्यावर उभी असताना तिच्या पायाखालचं लाकूड शेवटपर्यंत शाबूत होतं.

तिचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून आणून तिला तिच्या खोलीत निजवलं आणि मला पुन्हा त्याच भिंतीवर, खिडकीशेजारी टांगलं. त्यामुळे आत काय बोललं जातं ते मला सगळं ऐकू यायचं.

पहिल्यांदा बेकरीवाला आला. खाटेशेजारी बसला. मग म्हणाला, "आजी, मी उद्या म्हणालो... मी आलो असतो तर..."

आजीने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "तू येऊन काय करणार होतास? पायरी मोडली. शिडीच सडलीय रे. कुणीही धरली असती तरी मी पडलेच असते."

बेकरीवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो इतका मोठा श्वास सोडून उठला की मला बाहेर ऐकू आला.

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. पण दुसऱ्या दिवशी शिंपी आला, त्यालाही तिने तेच सांगितलं. सून रडली, तिलाही तेच. मुलगा पायाशी बसून म्हणाला, "आई, मी रविवारी झोपलो नसतो तर..." आजीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वेडा आहेस का? शिडीने दगा दिला. तुझा काय दोष?"

मित्रांनो, केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. परक्याने सांगितलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण ही ती, जिच्या पायांचं वजन मला माझ्या वजनाइतकंच ठाऊक होतं. नातेवाइकांनी मला विकायला काढलं तेव्हा जिने मला ठेवून घेतलं, तीच आता सगळ्यांच्या चुकीचं खापर माझ्यावर फोडत होती. ती असं का करत होती ते मला कळत होतं. आपल्यामागे या माणसांनी मान खाली घालून जगू नये, एवढंच तिला हवं होतं. आयुष्यभर तिने त्यांच्यासाठी जे हाताला लागेल ते दिलं. शेवटी हाताला मी लागले.

त्यानंतर खिडकी उघडी असायची, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. काही आठवड्यांनी ती गेली.

गल्लीत खुर्च्या मांडून सगळे जमले. बेकरीवाला बोलला, शिंपी बोलला, मुलगा तर बोलता बोलता रडला. आजीने काय काय केलं ते सगळ्यांनी सांगितलं आणि सगळं खरं होतं. शेवटी प्रत्येक जण एकाच वाक्यावर यायचा, ती शिडी सडकी निघाली नसती तर आजी आज आपल्यात असती.

निवृत्त पोस्टमन आजी पडली तेव्हा मुलीकडे राहायला गेला होता. सगळे जमले त्याच दिवशी तो परतला होता. तो साधेपणाने म्हणाला, "कुठली पायरी मोडली? बघू तरी."

तो उठला आणि माझ्यापाशी आला. त्याला धड दिसत नाही, म्हणून त्याने हाताने चाचपायला सुरुवात केली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. बाकीचेही मागे येऊन उभे राहिले. पोस्टमनचा हात शेवटच्या पायरीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. सगळ्या पायऱ्या जागच्या जागी होत्या. बेकरीवाल्याने शिंप्याकडे बघितलं, शिंप्याने जमिनीकडे.

मग मुलगा पुढे झाला. त्याने मला आकड्यांवरून उतरवलं, जमिनीवर ठेवलं आणि वरच्या बाजूच्या एका पायरीवर बुटाची टाच मारली. पायरी मोडली नाही. त्याने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि लाकूड मधोमध तुटलं.

"ही बघा," तो धापा टाकत म्हणाला. "हलतच होती."

"हो, हीच असणार," शिंपी म्हणाला.

"हीच," बेकरीवाला म्हणाला.

पोस्टमन चहासाठी न थांबता घरी निघून गेला.

आता मी मागच्या अंगणात भिंतीच्या कडेला पडून आहे. माझ्यावर कुणी चढत नाही. तुटकी पायरी बघून लोक मान हलवतात आणि पुढे जातात. अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला तेल लावा, उन्हापावसात टाकू नका. तसं काही मी मागत नाही. मला एवढंच सांगायचं आहे की, मित्रांनो, आपल्या माणसांना वाचवण्यासाठी कधी दुसऱ्या कुणावर दोष ढकलायची वेळ आली, तर ज्याच्यावर ढकलताय त्याला आधी विचारा. तो मुका असला तरी विचारा.

आजीवर माझा राग आहे आणि तो जात नाही. ती खिडकीशेजारीच निजलेली होती. मान वळवून एकदा म्हणाली असती, "बाई गं, तुझं नाव घेऊ का?" तर मी हो म्हटलं असतं.